अपंगत्वाची मदत आणि म्हातारपणाचे वेतन : काय जोडून मिळते, काय नाही?



गळीत हंगाम असो की नसो, शेतकऱ्याच्या घरी अपघात सांगून येत नाही. कडबाकुट्टीत हात जातो, ट्रॅक्टर उलटतो, मोटार चालू करताना शॉक बसतो. मग दवाखान्याच्या धावपळीत पहिला महिना कसा जातो ते कळत नाही, आणि नेमका तोच महिना अर्जाचा असतो. पुढे चावडीवर कोणी सांगतो, "सगळीकडे अर्ज टाक." दुसरा म्हणतो, "एक घेतलं की बाकीचं बंद." दोघांचेही अर्धेच खरे. आजच्या धड्यात याचा उलगडा करू.

एक साधा नियम ध्यानात ठेवा. उसात आंतरपीक घेता येते, पण उसात पुन्हा ऊस लावता येत नाही. मदतीचेही तसेच आहे. वेगवेगळ्या कारणासाठी असलेल्या मदती बहुधा एकमेकींना आड येत नाहीत. एकाच कारणाची मदत दोनदा मिळत नाही.

उदाहरण

समजा, ५२ वर्षांच्या एका सभासदाचा उजवा हात कडबाकुट्टीत मनगटापासून गेला. सातबारा त्यांच्या नावावर आहे. थोरला मुलगा ३० वर्षांचा, शेती पाहतो. धाकटा कंपनीत कामाला असून त्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. या घराने काय करावे?

पहिला प्रकार : एकरकमी मदत

महाराष्ट्र शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू आहे. तिला आधी हप्ता भरावा लागत नाही. खातेदार शेतकरी आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातील कोणताही एक माणूस, असे १० ते ७५ वयाचे दोघे तिच्यात येतात. मृत्यू झाला, किंवा दोन हात, दोन पाय वा दोन डोळे गेले, तर २ लाख रुपये. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करावयाचा. सोबत सातबारा, वयाचा पुरावा, दवाखान्याचे कागद आणि पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल लागतो.

दुसरी, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ही बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यावर असते. १८ ते ७० वयापर्यंत वर्षाला २० रुपये कापले जातात, आणि विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. एक हात गेल्यास १ लाख मिळतात. हा हप्ता भरून घेतलेला विमा आहे, म्हणून आपल्या सभासदाने दोन्हीकडे अर्ज करावा.

पण इथे दोन अटी आहेत. शासनाच्या दुसऱ्या खात्याच्या अपघात योजनेतून त्याच अपघातासाठी मदत घेतली असेल, तर मुंडे योजनेचे पैसे मिळत नाहीत. आणि तीन बँकांत खाती असून तिन्हीकडे २० रुपये कापले जात असले, तरी सुरक्षा विम्याची भरपाई एकदाच मिळते. हे झाले उसात ऊस लावणे.

दुसरा प्रकार : दरमहाचा आधार

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या, ६५ वर्षांखालील माणसाला तिचा आधार मिळतो. घराचे वर्षाचे उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत हवे. अपंग लाभार्थ्याला दरमहा २,५०० रुपये देण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. त्याआधी १,५०० मिळत होते. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजना लागू होते. या दोन योजनांनी वय वाटून घेतले आहे, एकाच माणसाला दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आता स्पष्टच बोलू. ज्याच्या घरात उसाचे बरे बिल येते, तो ५० हजारांच्या अटीत बसत नाही. खोटा दाखला काढून पैसे घेतले तर ते परत भरायची पाळी येते. मात्र वेगळा राहणारा, कोरडवाहू तुकड्यावर जगणारा अपंग भाऊ किंवा चुलता असेल, तर त्याचा अर्ज जरूर भरून द्या. त्याचा हक्क आपल्या संकोचापायी बुडू नये.

तिसरा प्रकार : शेतकरी म्हणून मिळणारे

पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये अपंगत्व आले म्हणून थांबत नाहीत. तो जमीनधारकाचा सन्मान निधी आहे. मात्र प्राप्तिकर भरणारे, आणि दरमहा १० हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे यातून वगळले आहेत. चतुर्थ श्रेणीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना त्यात सूट आहे.

चौथा प्रकार : म्हातारपणाचे वेतन

प्रधानमंत्री किसान मानधन योजना २०१९ ची. १८ ते ४० वयाच्या, २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याने वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरते. ६० वर्षांनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. ६० च्या आत कायमचे अपंगत्व येऊन हप्ता भरणे अशक्य झाले, तर पत्नीने किंवा पतीने पुढे भरून योजना चालू ठेवावी, नाहीतर भरलेली रक्कम व्याजासह परत घ्यावी. आपल्या उदाहरणातील वडिलांचे वय उलटून गेले, पण थोरल्याच्या नावावर जमीन असेल तर त्याला अजून वाट मोकळी आहे. धाकट्याला मात्र नाही, कारण त्याचा फंड कापला जातो.

त्याच धाकट्याचे दुसरे साधन आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत नोकरीत असताना कायमचे, संपूर्ण अपंगत्व आले, तर दहा वर्षे सेवेची अट लागत नाही. निदान एका महिन्याची वर्गणी भरलेली असली की वेतन सुरू होते, आणि फंडाची शिल्लकही वेगळी मिळते.

हिशोब

आता मांडून पाहा. सभासदाला मुंडे योजनेचे १ लाख, सुरक्षा विम्याचे १ लाख, आणि पीएम-किसान चालू. निराधार योजना उत्पन्न बसले तरच. यातला एक लाख फक्त वर्षाच्या २० रुपयांवर अवलंबून होता, आणि दुसरा ३० दिवसांवर. गेलेला हात परत येत नाही, पण ट्रॅक्टरचा हप्ता, मुलीची फी आणि पुढची लागण यांना त्या पैशाने दम मिळतो.

घरी करावयाचे काम

१. आज पासबुक काढा. मे-जूनमध्ये २० रुपये कापल्याची नोंद आहे का? घरातल्या बायामाणसांच्या खात्यावरही पाहा.
२. सातबाऱ्यावरचे, आधारवरचे आणि बँकेतले नाव सारखे आहे का?
३. घरात अपंग माणूस असेल तर सरकारी रुग्णालयातून टक्केवारीचे दिव्यांग प्रमाणपत्र काढले आहे का?
४. दरमहा अनुदान घेणाऱ्या वडीलधाऱ्यांचा या वर्षीचा हयातीचा दाखला दिला आहे का?
५. अपघात झाला तर पंचनाम्यासाठी कोणी पळायचे, हे घरात ठरले आहे का?

पाचांपैकी एकाचेही उत्तर "नाही" असेल, तर ते काम पुढच्या बाजाराच्या दिवशीच उरकून घ्या. ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्यालाही हा धडा वाचून दाखवा.