न पाहिलेल्या लॅपटॉपांचा सांभाळ

लिनक्सच्या कर्नेलमधला लॅपटॉपचा ड्रायव्हर सांभाळायला घेणारी बहुतेक माणसं स्वतःच्या लॅपटॉपपायी त्यात ओढली जातात. मीही त्यातलीच. नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, वाय-फाय लागलं, आवाज आला. पण ब्राइटनेसच्या बटणांना जाग येईना आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कुठे दिसेना. कंपनीकडून ‘आम्ही फक्त विंडोजसाठी मदत देतो’ असं छापील उत्तर आलं. मग नोकरी सांभाळून रात्री खोदकाम केलं, पॅच पाठवला, तो घेतला गेला, आणखी काही पाठवले. तो ड्रायव्हर बघणारे गृहस्थ तोवर थकले होते. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, आणि कर्नेलच्या ‘मेंटेनर्स’ फाइलीत माझं नाव चढलं. त्यानंतर पुण्यातल्या माझ्या टेबलावरचा लॅपटॉप त्या ड्रायव्हरच्या लेखी असंख्य मॉडेलांपैकी एक उरला. बाकीची बहुतेक मॉडेलं मी कधी हातात घेतलेली नाहीत आणि घेणारही नाही. या कामातली खरी जोखीम तीच. तुमच्यापैकी कोणी या वाटेला जाणार असेल, तर चार गोष्टी आधीच ऐकून ठेवा.

डिस्कची निदान नियमावली तरी असते. लॅपटॉपचा पंखा, झाकण, एफएन बटणं, कीबोर्डखालचे दिवे, चार्जिंगची मर्यादा हे सगळं मात्र मदरबोर्डवरची ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाची एक छोटी चिप बघते. तिच्याशी बोलायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. कधीकधी एकाच कंपनीच्या यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या मॉडेलांचीही वेगळी. कर्नेल तिच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा फर्मवेअरमधल्या एसीपीआय टेबलांमधून, आणि ती टेबलं लिहिणाऱ्यांनी विंडोजवर चालवून पाहिली की त्यांचं काम झालेलं असतं. टेबलांतला कोड विचारतो, ‘कुठली सिस्टीम चालू आहे?’ लिनक्स बेधडक सांगतो, ‘विंडोज!’ ही थट्टा नाही. ‘लिनक्स’ असं उत्तर मिळालं की काही फर्मवेअर कोणी न तपासलेल्या वाटेने जायची आणि भलतंच काही करून ठेवायची, म्हणून कर्नेलने ते उत्तर देणंच सोडून दिलं.

मॉडेल ओळखायचं ते डीएमआय नोंदींवरून. फर्मवेअरमध्ये कंपनीचं, मॉडेलचं, बोर्डाचं नाव नोंदलेलं असतं. ड्रायव्हरमध्ये यादी असते, की अमुक नाव दिसलं तर ही युक्ती लावायची. माझ्याकडे येणारे बरेचसे पॅच म्हणजे या यादीत सात-आठ ओळींची भर. एकदा एका विद्यार्थ्याचा असाच पॅच आला. कोड नीटनेटका, स्वतःच्या लॅपटॉपवर तपासलेला. मॉडेलच्या नावाच्या जागी मात्र लिहिलं होतं, ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ कंपनीच्या नावाच्या जागीही तेच. कारखान्यात खरं नाव भरायची जागा कोणी भरलीच नव्हती. त्याने बिचाऱ्याने जे दिसलं ते उतरवून घेतलं. हेच शब्द जगभरच्या कितीतरी स्वस्त यंत्रांमध्ये जसेच्या तसे सापडतात. पॅच तसाच घेतला असता, तर एका लॅपटॉपची युक्ती त्या सगळ्यांवर चालून गेली असती. त्याला बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती अशा दोन्ही गोष्टी जुळवायला सांगितल्या, त्याने त्या जुळवल्या, आणि सुधारलेला पॅच घेतला. तुमच्याकडे असा पॅच आला तर कोडच्या आधी नावं वाचा. नोंद जितकी नेमकी तितकी चांगली. एक ओळ वाचवण्यासाठी अर्ध्या नावावर जुळवाजुळव करू देऊ नका.

नुसतं वाचलं तरी बिघडतं

‘आपण फक्त वाचतोय, लिहीत कुठे काय?’ हे नव्या लोकांचं आवडतं वाक्य. त्यांना मी जुन्या थिंकपॅडांची हकिगत सांगते. २००० च्या सुमारास तापमान वाचणारी साधनं बसवर कोणकोणत्या चिप आहेत हे चाचपून बघायची. आयबीएमच्या काही थिंकपॅडांमध्ये ॲटमेलची एक मेमरी चिप अशी होती, की या चाचपणीनेच तिच्यातला मजकूर बिघडायचा. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. म्हणून त्या बसच्या ड्रायव्हरमध्ये पुढे एक तपासणी घातली गेली. इंटेलच्या चिपसेटचं आयबीएमचं यंत्र दिसलं, की तुमच्या मेमरीला धोका आहे असं सांगून तो लोड व्हायलाच नकार देतो.

२०१३ च्या जानेवारीत सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडू लागले. संशय आधी सॅमसंगच्या लिनक्स ड्रायव्हरवर आला, कारण तो जुन्या बायोसच्या काळातली मेमरीतली जागा धुंडाळत होता. यूईएफआय असेल तर तो लोडच होऊ नये, अशी दुरुस्ती झाली. पुढे कर्नेल डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिलं, की मूळ दोष फर्मवेअरचा आहे. तिच्या साठवणीत प्रमाणाबाहेर माहिती भरली की यंत्र दगावतं, आणि हे विंडोजमधूनही घडवता येतं. २०१७ च्या डिसेंबरात उबुंटू १७.१० ची डाउनलोड मागे घ्यावी लागली. बायोसच्या चिपपर्यंत पोहोचणारा इंटेलचा एक ड्रायव्हर त्यात चालू ठेवला होता, आणि लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर त्यापायी बायोसमधले बदल साठवलेच जाईनात.

दोष फर्मवेअरचा निघाला तरी लॅपटॉप बंद पडतो तो वापरणाऱ्याचा. त्याचं ऑफिसचं काम त्यावर, मुलीचा प्रोजेक्ट त्यावर. ‘चूक त्यांची आहे’ हे उत्तर कितीही खरं असलं तरी त्याच्या काही कामाचं नाही.

अनोळखी यंत्राला हात लावायचा नाही

यावर उपाय एकच: यंत्र ओळखीचं नसेल तर ड्रायव्हरने गप्प बसावं. लेनोवोच्या आयडियापॅडच्या ड्रायव्हरने हे धडपडत शिकून घेतलं. वाय-फायचं प्रत्यक्ष बटण बंद आहे का, हे तो फर्मवेअरला विचारायचा. ज्या मॉडेलांवर असं बटणच नाही, तिथे फर्मवेअर ‘बंद’ असं ठोकून द्यायची, आणि माणसाचं वाय-फाय कायमचं अडून बसायचं. मग बटण नसलेल्या मॉडेलांची यादी सुरू झाली. नवं मॉडेल बाजारात आलं की नवी तक्रार, नवी नोंद, अशी ती वाढतच गेली. शेवटी ती उलटी केली गेली: ज्यांना खरोखर बटण आहे एवढ्यांचीच नोंद ठेवायची आणि बाकीच्यांना विचारायचंच नाही. तुमच्या यादीत दर आवृत्तीला भर पडत असेल, तर ती चुकीच्या बाजूने लिहिली गेली आहे असं समजा.

धोक्याची सोय द्यायचीच असेल, तर ती मागणाऱ्यालाच मिळेल अशी ठेवा. थिंकपॅडच्या ड्रायव्हरमध्ये पंख्याचा वेग हाताने ठरवता येतो. पण ती सोय मुळात बंद असते आणि मॉड्यूल लोड करताना स्पष्टपणे मागावी लागते. त्याला वॉचडॉगही लावता येतो. वेग ठरवणारा प्रोग्रॅम मध्येच मेला, तर दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त १२० सेकंदांत, पंखा पुन्हा नेहमीसारखा चालू होतो. ‘मला एवढं एक रजिस्टर लिहू द्या, माझ्याकडे चालतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी हा नमुना दाखवते.

दिलेलं नाव परत घेता येत नाही

कर्नेलने बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी एकदा एखादी फाइल उघडी केली, की कोणीतरी तिच्यावर विसंबून राहतं, आणि वापरणाऱ्याचं चालू असलेलं काही मोडायचं नाही हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. आयबीएमने लॅपटॉपचा धंदा २००५ मध्ये लेनोवोला विकला, तरी थिंकपॅडच्या ड्रायव्हरने आयबीएमच्या नावाची जुनी फाइलींची जागा पुढे कित्येक वर्षं तशीच सांभाळली. त्यामुळे कंपनीच्या भाषेतलं आकर्षक नाव घेऊन कोणी नवी फाइल मागितली, की कर्नेलमध्ये त्या कामासाठी सर्वांना लागू असलेली फाइल आहे का, हे आधी बघा. चार्जिंगच्या मर्यादेसाठी ती आहे, कामगिरी आणि शांतता यांच्यात निवड करायलाही आहे. तीच वापरली तर डेस्कटॉपच्या सेटिंगमधलं बटण आपोआप चालतं आणि पुढच्या माणसाला नव्याने काही शिकावं लागत नाही.

तक्रार करणाऱ्याशी कसं वागावं

तो चिडलेला असतो आणि यंत्र फक्त त्याच्याकडेच असतं. त्याच्याकडून कर्नेलची आवृत्ती, डीमेसेज, डीएमआयडिकोड आणि एसीपीआयडंप एवढं एकाच निरोपात मागा. तुकड्यातुकड्याने विचारलं की तो तिसऱ्या निरोपाला गायब होतो. डीएमआयडिकोडमध्ये लॅपटॉपचा सीरियल नंबर छापला जातो, तो आधी काढून टाकायला सांगा. आधी चालत होतं आणि अपडेटनंतर मोडलं असेल, तर गिट बायसेक्ट सुचवा. कर्नेलच्या एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. निम्मे निम्मे करत गेलं की साधारण चौदा फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. पण जुन्या लॅपटॉपवर एका फेरीला कर्नेल बांधायलाच तास-दोन तास लागतात, याची जाणीव ठेवून विनंती करा. त्याने ते केलं, तर पॅचमध्ये त्याचं नाव ‘टेस्टेड-बाय’ म्हणून न चुकता घाला. त्या मॉडेलापुरते तुमचे डोळे आणि हात तोच असतो.

दुरुस्ती कळवताना ‘ब्राइटनेस दुरुस्त केला’ एवढंच लिहून थांबू नका. कुठलं मॉडेल, कुठली बायोस, फर्मवेअर काय सांगते आणि आपण ते का मानत नाही, हे लिहा. काही वर्षांनी कोणीतरी ती ओळ निरर्थक समजून साफसफाईत काढायला निघेल. तेव्हा तिच्या बाजूने बोलायला तो निरोपच असेल.

नाव उतरवायची तयारी

हे काम बहुतेकांना पगार देत नाही. नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल आत जातात आणि उरलेले दिवस फक्त दुरुस्त्यांचे. घरी लग्न असो की ऑफिसात डेडलाइन, ते चक्र थांबत नाही. म्हणून पहिल्या वर्षातच सोबतीला दुसरा मेंटेनर शोधा, शक्यतो वेगळं मॉडेल वापरणारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आपल्या ड्रायव्हरचं जुनं यंत्र परवडणाऱ्या भावात मिळालं, तर घेऊन ठेवा. मात्र प्रत्येक मॉडेल विकत घेत सुटू नका; त्याला अंत नाही.

मेंटेनर्स फाइलीत प्रत्येक ड्रायव्हरपुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे पगारी लक्ष, ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी बघतंय, ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे जमेल तसं, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे कोणीच नाही. लक्ष देणं जमत नसेल तर ‘मेंटेन्ड’ खोडून ‘ऑड फिक्सेस’ लिहा, तेही जमत नसेल तर ‘ऑर्फन’ लिहा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो वर्षभर उत्तर न देता नाव तसंच ठेवण्यात. कारण तोवर पॅच पाठवणारे तुमची वाट बघत बसतात आणि ज्याला काम करायचंय त्याला वाटतं की जागा भरलेली आहे.