घराच्या विजेचा ताळेबंद

वाचविलेली वीज निर्माण केलेल्या विजेइतकीच मोलाची असते, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु घरात वीज कोठे व किती खर्च होते, हे मोजल्यावाचून बचतीचा उपदेश निष्फळ ठरतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानुसार मोठा वीजवापर करणाऱ्या नियत उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षण करावे लागते. घरांना असे बंधन नाही. तथापि वही, पेन्सिल आणि घड्याळ यांच्या साह्याने तोच हिशेब घरातही मांडता येतो.

मीटर काय सांगतो?

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो व एका युनिटामागे तो किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवरच छापलेले असते. समजा, हा आकडा ३२०० आहे. घरातील एकच उपकरण चालू ठेवले असता सहा मिनिटांत दिवा ३२ वेळा लुकलुकला, तर ते उपकरण १०० वॉट वीज घेते, असे समजावे. घरातील सर्व बटणे बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असण्याचा किंवा आपल्या जोडणीवरून अन्यत्र वीज जात असण्याचा संभव असतो. अशा वेळी परवानाधारक तारतंत्रीकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

हिशेबाचे एक उदाहरण

महिना १३० युनिट वापरणारे एक घर घेऊ. तेथे ६० वॉटचे दोन जुने दिवे रोज पाच तास जळतात. त्यांचा महिन्याचा खर्च १८ युनिट होतो. त्यांच्या जागी ९ वॉटचे एलईडी दिवे लावल्यास तो तीन युनिटांहूनही कमी होतो. ७५ वॉटचे दोन पंखे रोज बारा तास चालल्यास महिन्यास ५४ युनिट लागतात. ३० वॉटच्या नव्या पंख्यांना सुमारे २२ युनिट पुरतात. या दोन बदलांनी घराचा वापर सुमारे ८२ युनिटांवर येतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो व पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. म्हणजेच येथे केवळ युनिट वाचत नाहीत, तर महाग दराचे युनिट वाचतात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास हा फरक लहान नव्हे.

फ्रिज अखंड चालत नसल्याने त्याचा हिशेब वॉटवरून करू नये. त्याच्या तारांकित लेबलावर वर्षाचे युनिट दिलेले असतात. त्यांस बाराने भागावे.

छपराची परीक्षा

पंखा अधिक तास चालतो तो बहुधा छपरामुळे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने भिंतींपेक्षा छप्परच अधिक तापते. पत्रा लवकर तापतो व लवकर निवतो. काँक्रीटचा स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता साठवून रात्री खोलीत सोडतो. रात्री नऊ वाजता खोलीतील व अंगणातील तापमान मोजावे. खोलीतील तापमान बरेच अधिक असल्यास पहिला उपाय छपरावर करावा. पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीवर झाडाची सावली आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडून रात्रीचा वारा आत घेणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत.

शाळा व पंचायत

शिक्षकांनी हा हिशेब गणिताच्या तासाला घरोघरच्या बिलांवरून करून घ्यावा; ग्रामपंचायतीने आपले कार्यालय, शाळा व रस्त्यावरील दिवे यांपासून आरंभ करावा. तुलना मात्र सारख्या महिन्यांचीच करावी. मे महिन्याचे बिल डिसेंबरशी ताडल्यास बचतीचा नव्हे, ऋतूचा फरक दिसतो. सुधारणेनंतरच्या मे महिन्याचा आकडा मागील मे महिन्याशेजारी लिहिला, म्हणजे हा ताळेबंद पूर्ण होतो.