पहिल्या रणगाड्याची निवड

रणगाड्याची लहान प्रतिकृती स्वहस्ते जुळवावी अशी हौस ज्यांना प्रथमच वाटू लागते, त्यांचे लक्ष बहुधा ‘टायगर’ या जर्मन रणगाड्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धातील त्याची ख्याती मोठी, आणि संचाच्या पेटीवरील चित्रही मोहात पाडणारे असते. तथापि पहिली निवड म्हणून टायगर क्वचितच योग्य ठरतो. असे कितीतरी संच अर्धवट जुळवलेल्या अवस्थेत कपाटात पडून राहतात आणि त्यांच्याबरोबर हौसही मावळते. याचे कारण रणगाड्याच्या तोफेत नसून त्याच्या चाकांत आहे.

धड, फिरता बुरूज आणि तोफ हे भाग आकाराने मोठे व संख्येने थोडे असतात. ते एकदोन बैठकींत उभे राहतात. खरे श्रम पडतात ते चाके व त्यांवरून फिरणारे पट्टे यांसाठी. आरंभीच्या टायगरला प्रत्येक बाजूस आठ आस असून प्रत्येकावर तीन याप्रमाणे चोवीस चाके एकमेकांच्या फटींत शिरलेली असतात. म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस चाके चौकटीतून कापावयाची, त्यांच्या कडेवर उरलेली साच्याची रेघ घासून काढावयाची, ती रंगवावयाची आणि ठरलेल्या क्रमानेच बसवावयाची. आतल्या ओळीतील एखादे चाक रंगवावयाचे राहिले, तर बाहेरची ओळ बसल्यानंतर तेथवर कुंचला पोहोचत नाही. याउलट सोव्हिएत टी-३४ या रणगाड्यास एका बाजूस मोठ्या चाकांच्या अवघ्या पाच जोड्या असतात. पट्ट्याचा वरचा भागही त्याच चाकांवर टेकत असल्यामुळे त्याला उचलून धरणारी लहान चाके येथे नाहीतच. ब्रिटिश सेंच्युरियनची सोय निराळी. त्याच्या दोन्ही बाजूंस लटकणारे पत्रे पट्ट्याचा वरचा भाग झाकून टाकतात, आणि नवशिक्याच्या हातून तेथे झालेली चूकही त्याबरोबर झाकली जाते! १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे भारतीय सेनेने वापरलेला हा रणगाडा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील, १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयात प्रत्यक्ष पाहता येतो.

पट्टे तीन प्रकारचे मिळतात. जुन्या संचांत ते लवचीक व्हिनाइलचे, अखंड असतात. ते बसवणे सोपे; परंतु प्लॅस्टिकचे सिमेंट त्यांना धरत नाही, म्हणून टोके जोडण्यासाठी तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने खुंट्या वितळवाव्या लागत. दुसऱ्या टोकास प्रत्येक कडी सुटी असलेले पट्टे येतात. अमेरिकी ‘शर्मन’च्या एका बाजूस ७९ कड्या, म्हणजे दोन्ही मिळून १५८! या दोहोंमधला प्रकार नवशिक्यास सर्वांत सोईचा होय: सरळ भाग लांब तुकड्यांत आणि वळणापुरत्या मात्र सुट्या कड्या.

प्रमाणाच्या बाबतीत १:३५ हे रूढ आहे. या विचित्र आकड्यामागील हकिकत मनोरंजक आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१ च्या सुमारास ‘पँथर’ रणगाड्याची विजेरी मोटारीवर चालणारी प्रतिकृती तयार केली. तिच्या धडात दोन बॅटऱ्या मावाव्यात एवढाच हिशेब आकार ठरविताना होता. नंतर मोजले तेव्हा प्रमाण १:३५ च्या आसपास भरले. टी-३४ चे सुमारे सहा मीटरांचे धड या प्रमाणात सतरा सेंटिमीटर होते, तर १:७२ मध्ये जेमतेम साडेआठ. लहान म्हणजे सोपे, हा समज मात्र फसवा आहे. १:७२ मध्ये ओढणीचे आकडे आणि दिवे तांदळाच्या कणीएवढे होतात आणि चिमट्यातून उडून जातात. जागा अपुरी असल्यास १:४८ हा मध्यम मार्ग बरा.

पेटी नवी म्हणजे संच नवा, असेही नाही. १९७० च्या दशकातील साच्यांतून काढलेले संच नव्या वेष्टनात विकले जातात. त्यांपैकी काहींच्या तळाशी मोटारीसाठी ठेवलेली भोकेही तशीच असतात. ती उलटे करून पाहणाऱ्यालाच दिसतात. सुटे भाग थोडे असल्यामुळे असा संच पहिल्या प्रयत्नास वाईट नव्हे. मात्र धातूच्या पातळ पत्र्याचे बारीक भाग असलेला संच टाळावा. प्लॅस्टिकचे सिमेंट दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करते, धातूवर ते निरुपयोगी ठरते. तेथे झटपट घट्ट होणारा निराळा गोंद लागतो आणि तो चूक सुधारण्यास अवसर देत नाही. आतील इंजिन व आसने दाखवणारे संच महाग असतात, आणि बुरूज बसवल्यावर त्यांतील बहुतेक काम कायमचे दृष्टिआड होते.

खरेदीपूर्वी दुकानदाराकडून पेटी उघडून घ्यावी आणि जुळणीचे पत्रक पाहावे. चाकांची जुळणी पत्रकाच्या पहिल्या एकदोन पायऱ्यांतच दिलेली असते. ती समजली, तर पुढचे सहसा अडत नाही. चाके चिकटवण्याची घाई मात्र करू नये. ती आसांवर नुसती खोवून पाहावीत, सर्व एका रेषेत जमिनीला टेकतात याची खात्री करावी, आणि पुन्हा काढून रंगास घ्यावीत.