रुग्णाला दिलेले अल्प दान

रोग्याला औषध देणे हे पुण्य आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुष्कळ वेळां गरीब रोगी औषधावाचून अडत नाही. तो अडतो एस.टी.च्या भाड्यावाचून, बुडालेल्या मजुरीवाचून, पोटातल्या चार घासांवाचून. शंभर-दोनशे रुपयांची ही अडचण असते, पण तेवढ्यासाठी माणूस हातचा जातो. म्हणून रुग्णाला व अपंगाला दिलेल्या लहान दानाचा आज विचार करू.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. हा रोग बरा होतो. साध्या क्षयाला बहुधा सहा महिने औषध घ्यावे लागते व सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. मग माणसे ते मध्येच का सोडतात? दोन महिने गोळ्या घेतल्या की खोकला कमी होतो. घरात तर दाणा नसतो. शेतमजूर म्हणतो, “आता बरं वाटतंय, दवाखान्यात गेलो की दिवसाची मजुरी बुडते.” उपाशी पोटी गोळ्याही सोसत नाहीत. औषध सुटते, रोग पुन्हा उसळतो, आणि या खेपेस कदाचित नेहमीच्या औषधालाही दाद देत नाही.

अन्नाने काय होते याची नीट पाहणी झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झाली. २,८०० रुग्णांना औषधासोबत दरमहा सुमारे १० किलो शिधा दिला : तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा ५ ने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका शेकडा ६० च्या आसपास कमी आढळला. काही घरी रोग्याबरोबर घरच्या माणसांनाही शिधा मिळाला होता. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण, फक्त रोग्यालाच शिधा मिळालेल्या घरांपेक्षा, शेकडा ३९ ने कमी निघाले. म्हणजे पातेल्यातली डाळ रोग्यालाही तारते व त्याच्या लेकरांनाही राखते.

सरकारनेही हे ओळखले आहे. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ होऊन कोणीही व्यक्ती वा मंडळ रुग्णाला शिधा देऊ शकते.

आता अपंगांकडे पाहू. कुबडीच्या टोकाचे रबर झिजले की ओल्या फरशीवर ती सटकते आणि धडधाकट राहिलेला पायही मोडतो. ऐकण्याच्या यंत्रातला सेल संपला की ते यंत्र पेटीत पडून राहते. जयपूर येथे १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती कृत्रिम पाय विनामूल्य बसवून देते. पण तेथवर वा तिच्या शिबिरापर्यंत जायला सोबतीच्या माणसासह भाडे लागतेच. मोठे काम दुसऱ्याने करून ठेवलेले असते. आपले लहान दान त्या कामापर्यंतची पायरी होते.

वारीत हे आपण रोज पाहतो. कुणाच्या पायाला फोड आले तर दिंडीतली माणसे त्याला ‘तू कशाला आलास’ असे विचारीत नाहीत. एकजण त्याचे गाठोडे घेतो, दुसरा पायाला तेल लावतो. चालतो मात्र तो स्वतःच. रुग्णाला मदत करायची ती अशीच : त्याचे ओझे हलके करावे, त्याची वाट त्यालाच चालू द्यावी.

शंका : सरकार देते, मग आपण कशाला?
समाधान : खाते, आधार, कागदपत्रे जुळेपर्यंत दिवस जातात; रोग तेवढा थांबत नाही. पहिल्या पंधरवड्याचा आधार शेजाऱ्यानेच द्यावा लागतो. शिवाय कागद भरून द्यायला सोबत जाणे, हेही दानच.

शंका : पैसे भलतीकडे गेले तर?
समाधान : संशय असेल तेथे शिधा द्या, तिकीट काढून द्या, औषधवाल्याचे बिल भागवा. पण संशयासाठी दहा गरजूंना उंबऱ्यावर उभे ठेवू नका.

शंका : मोठ्या शस्त्रक्रियेला आपले शंभर रुपये काय पुरणार?
समाधान : पुरणार नाहीत, हे खरेच. तेथे माहितीचे दान करावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन रोग्याला तेथील समाजसेवा विभागात पोचवावे. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, हेही सांगावे.

भजनी मंडळाला हे सहज जमेल. वीस माळकऱ्यांनी दर एकादशीला दहा-दहा रुपये बाजूला टाकले, तर दोन एकादशींचे चारशे होतात. तेवढ्यात एका रुग्णाचे महिन्याचे जाण्यायेण्याचे भाडे किंवा घरच्या डाळ-तेलाला हातभार निघतो. त्याला तीन नियम असावेत. पहिला, मागण्याची वाट न पाहता विचारपूस करावी. दुसरा, एकदाच मोठे देण्यापेक्षा उपचार संपेपर्यंत थोडे थोडे द्यावे; सहा महिन्यांचे औषध असेल तर साथही सहा महिन्यांची असावी. तिसरा, हिशेब मंडळात चोख ठेवावा, पण घेणाऱ्याचे नाव चावडीवर नेऊ नये. क्षय, कुष्ठ यांसारख्या रोगांत बोभाट्याच्या भीतीनेच माणूस दवाखाना टाळतो.

माउलींनो, येत्या एकादशीला मंडळ जमेल तेव्हा एवढेच विचारा : आपल्या गावात कोणाचे औषध चालू आहे, आणि कोणाचे अर्ध्यात राहिले आहे? ज्याचे अर्ध्यात राहिले, त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी जा.