खिडकीचं हँडल हातात आलं तर

प्रश्न : आमचं घर मालवणला, समुद्राजवळ. सागवानी खिडकीचं लोखंडी हँडल गंजून हातातच आलं. नवं बसवलं, पण स्क्रू धरत नाही. काय करावं?

उत्तर : दोष हँडलचा नाही, भोकाचा आहे, ते झिजून मोठं झालंय. बांबूच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यात ठोका. दिवसभर वाळू द्या, वर आलेली टोकं कापा आणि तिथेच बारीक भोक पाडून स्क्रू पिळा.

खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. पितळी किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं हँडल घ्या. स्क्रूही त्याच धातूचे हवेत. दुकानात जाताना भोकांमधलं अंतर मोजून न्या. पितळी स्क्रू मऊ असतो, त्याला आधी साबण चोळा. जोर लावलात तर डोकं तुटेल आणि उरलेला स्क्रू लाकडातच राहील.