नाटक पडद्यावर आलं, पण कसं?

मित्रांनो, 'नाटक शूट केलं की झाला सिनेमा' असं तुम्हालाही वाटतं का? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे संगीत नाटकाशी माझी ओळख तशी उशिराच झाली. पण सुरुवातीच्या मराठी सिनेमाबद्दल वाचताना एक गोष्ट पक्की समजली. रंगमंचावर जे गाजतं, ते पडद्यावर गाजेलच असं नाही.

सुरुवात १९१२ पासून करू. दादासाहेब तोरणे यांनी 'श्री पुंडलिक' हे नाटक चित्रित केलं. कॅमेरा एका जागी उभा आणि समोर नट नाटक करतायत. म्हणजे कॅमेरा हा पहिल्या रांगेतला एक प्रेक्षकच! १९१३ च्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही तारामती झाले अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. ही पद्धत नाटकाचीच.

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केलेले. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, ज्यांनी 'मानापमान' नाटकाच्या चाली बांधल्या. तेव्हा प्लेबॅक नव्हता. कॅमेऱ्यासमोर नटाला स्वतःच गावं लागायचं, म्हणून गाणारे नट नाटकातूनच यायचे. तमिळमध्येही तेच झालं. १९३४ चा 'पवळक्कोडी' नाटकावरूनच निघाला आणि त्यात जवळजवळ ५० गाणी होती!

पण एक मोठा बदल झाला होता. 'अयोध्येचा राजा'मधल्या तारामती होत्या दुर्गा खोटे, म्हणजे खरीखुरी स्त्री.

आता विचार करा, बालगंधर्वांचं काय झालं असेल? स्त्रीभूमिकांमुळे अख्खा महाराष्ट्र त्यांच्यावर फिदा होता. पण कंपनी कर्जात बुडाली आणि ते सिनेमाकडे वळले. १९३५ च्या 'धर्मात्मा'मध्ये ते संत एकनाथ झाले. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीभूमिका केली. तेव्हा त्यांचं वय होतं ४९. रंगमंचावर अंतर असतं, दिवे असतात, प्रेक्षक मनाने साथ देतो. कॅमेरा साथ देत नाही, तो जवळ जाऊन नुसता बघतो. चित्रपट चालला नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर नाटकातला अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून ॲम्प्लिफाय केलेला असतो. क्लोज-अपमध्ये गेन तेवढाच ठेवला तर डिस्टॉर्शन होणारच.

याउलट विष्णुपंत पागनीस बघा. तेही नाटकात स्त्रीभूमिकाच करायचे. पण १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये त्यांनी अभिनयाचा आवाजच खाली आणला. बोलता बोलता अभंग सुरू होतो, 'आता गाणं आलं' असं वाटतच नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

मला वाटतं बालगंधर्व कुठे कमी पडले नाहीत, माध्यम बदललं होतं. वाईट याचं वाटतं की त्यांचा रंगमंचावरचा अभिनय आपल्याला आता कधीच बघायला मिळणार नाही. उरल्या त्या रेकॉर्ड्स आणि फोटो.

नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक २०१५ मध्ये पडद्यावर आलं, तेही बरेच बदल करून. आमच्या समुद्रपूरला काय किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला काय, नाटक असलं की दहा मोबाइल वर होतात. शूटिंग जरूर करा, आठवण राहते. पण सिनेमा करायचा असेल तर मात्र स्क्रिप्ट नव्याने लिहायला बसा!