दाराआधी खांब

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करू इच्छिणारे गृहस्थ इंजिनाविषयी पुष्कळ चौकशी करतात, रंगाची मूळ छटा सापडावी म्हणून जुनी छायाचित्रे धुंडाळतात, दिव्यांच्या कड्यांसाठी चोरबाजार पालथा घालतात. परंतु त्या मोटारीची चारही दारे आपापल्या चौकटींत नीट बसतील की नाही, आणि त्यांतील काचा विनासायास वरखाली होतील की नाही, हा प्रश्न बहुधा अखेरीस, रंग वाळल्यानंतर आणि पैसा बव्हंशी संपल्यानंतरच, त्यांच्यापुढे उभा राहतो. माझ्या फियाट अकराशे डी या गाडीच्या बाबतीत असेच घडले. आणि त्यापायी जे द्रव्य व जो मनस्ताप खर्ची पडला, त्याचा तपशील त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ही गाडी बाहेर पडू लागली, पुढे तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावली. एवढा दीर्घ सहवास लाभल्यामुळे या गाडीची दुरुस्ती कोणीही करील असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. इंजिनापुरता तो बराचसा खराही आहे, पण पत्र्याच्या कामात तो घातक ठरतो.

घातक का, हे ध्यानात येण्यासाठी गाडीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. या गाडीस वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. दारांच्या खाली, पुढून मागे गेलेली जी पोकळ तुळई असते, जिला गॅरेजवाले ‘सिल’ म्हणतात, तिच्यावर मधला खांब उभा असतो. आणि त्या मधल्या खांबावर मागच्या दाराच्या बिजागऱ्या व पुढच्या दाराच्या कुलपाचा स्ट्रायकर अशी दुहेरी जबाबदारी असते. याच्या आधीच्या, लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलेल्या नमुन्यात तर पुढचे दारही मधल्या खांबालाच टांगलेले असे, त्यामुळे तेथे त्या खांबावरचा भार अधिकच. सिल आतून गंजली की खांबाची बैठक खचते, आणि खांब केसभर कलला तरी दोन दारांचा मेळ एकाच वेळी बिघडतो. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात ती गंजणे अपरिहार्यच म्हणावे लागेल, कारण दाराच्या काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरावे व तळाच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच मूळ योजना असते, आणि ती भोके चिखलाने बुजली की पाणी तेथेच साचून प्रथम दाराचा तळ व मग आसपासचा पत्रा खाऊ लागते.

माझ्या गाडीची डावी सिल अशीच खाल्लेली होती. ज्या गॅरेजकडे काम सोपविले त्यांनी गाडी पुढच्या व मागच्या टोकांवर घोड्यांवर चढविली, चारही दारे उतरवून भिंतीशी ठेवली, आणि चौकटींत आडव्या-तिरक्या सळ्या वेल्ड करून तिचे माप बांधून घेण्याची तसदी न घेता गंजलेली सिल पुढपासून मागपर्यंत एकदम कापून काढली. पुढे इंजिनाचे ओझे, मागे टाकीचे व ट्रंकेचे, आधार केवळ टोकांना, आणि मधली तुळई नाहीशी. अशा स्थितीत सांगाडा मध्यभागी खाली झुकणे आणि दारांच्या चौकटी वरच्या बाजूस आवळल्या जाणे हे क्रमप्राप्तच होते. त्या झुकलेल्या स्थितीतच नवी सिल वेल्ड झाली, तिच्यावर लांबी चढली, तिच्यावर रंग चढला, आणि त्यानंतर दारे बसविण्यास घेण्यात आली. पुढच्या दाराची मागची फट वर जेमतेम नखाएवढी आणि खाली बोट जाईल एवढी दिसत होती; मागचे दार बंद होताना चौकटीच्या कोपऱ्यावर घासत होते.

यापुढे जे झाले ते अधिक शोचनीय होय. दाराच्या कडा घासून लहान करण्यात आल्या; रुंद फटीत लांबीचे जाड थर देण्यात आले, जे दार दोन-चारदा आपटताच ढलप्यांनी निघाले; बिजागरीच्या फटीत लाकडी ठोकळा घालून दार बाहेर रेटण्यात आले, त्याने बिजागरी तर वाकलीच, पण खांबाचा पत्राही ओढला गेला. काचेची वाट वाकडी झाली असताना ती हँडलने बळेच वर फिरविण्यात आली, आणि अर्ध्या वाटेत तिचा चुरा झाला.

अखेरीस ज्या वृद्ध मिस्त्रींनी हे काम निस्तरले त्यांचे पहिले वाक्य असे होते : “साहेब, दाराला आता कोणी हात लावू नका, आधी खांब बघू.” त्यांनी गाडी प्रथम सपाट फरशीवर तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी केली, टायरांची हवा सारखी करविली, सीटा व बॅटरी जागच्या जागी ठेवविल्या, आणि मग दोन्ही बाजूंच्या चौकटींचे कर्ण फितीने मोजून मांडले. उजव्या व डाव्या बाजूंत जवळपास अर्ध्या इंचाचा फरक निघाला. नवी सिल पुन्हा सोडवून, खांबाखाली जाड फळी व जॅक लावून, फरक नाहीसा होईपर्यंत ते थोडेथोडे उचलत गेले. मग चौकटींत सळ्यांचे कर्ण बांधले, आणि नंतरच वेल्डिंगला हात घातला, तेही एका टोकाकडून सलग न ओढता, तुकड्यातुकड्याने व जागा बदलत, जेणेकरून उष्णतेने पत्रा ओढला जाऊ नये.

त्यांच्या हाताखाली जे पाहिले त्यावरून कामाचा जो क्रम मला निर्विवाद योग्य वाटतो तो सांगतो. दार अर्धे उघडून कुलपाकडची कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहावी. हालचाल बिजागरीच्या पिनेत दिसली तर पिन व बुश बदलले की भागते. परंतु बिजागरीसकट खांबाचा पत्रा हलताना दिसला तर आतली पट्टी गंजलेली आहे असे समजावे, आणि मग पिनेवर केलेला खर्च व्यर्थ होय. बिजागऱ्या दुरुस्त झाल्यावर स्ट्रायकर व रबर दोन्ही काढून टाकून दार केवळ बिजागरीच्या भरवशावर चौकटीत कसे बसते ते पाहावे, कारण स्ट्रायकर जागेवर असला की तो दार उचलून धरतो आणि खरा दोष झाकतो. प्रारंभ नेहमी मागच्या दारापासून करावा. मागचे मडगार्ड सांगाड्याशी जोडलेले असल्यामुळे ते हलविता येत नाही, म्हणून मागचे दार त्याच्याशी जुळवावे, पुढचे दार मागच्याशी, आणि ज्या गाड्यांत पुढचे मडगार्ड बोल्टांनी बसविलेले असते तेथे ते शेवटी पुढच्या दाराशी. हा क्रम उलटा धरणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांचा सगळा दोष अखेर मागच्या कोपऱ्यात गोळा होतो, जेथे त्याला इलाज उरत नाही. दाराची वरची चौकट अंगाबाहेर राहत असेल तर खालच्या कोपऱ्यात लाकूड धरून वरून बेताने दाबण्याची जी जुनी युक्ती आहे तिला माझी हरकत नाही. ती दारातला पीळ काढते. बिजागरीत ठोकळा घालणे मात्र सर्वस्वी त्याज्य मानावे.

स्ट्रायकर बसविताना दार अगदी सावकाश ढकलून त्याच्या मागच्या कडेकडे पाहत राहावे. कुलूप पकडते त्या क्षणी दार वर चढले किंवा खाली दबले तर स्ट्रायकर चुकीच्या उंचीवर आहे.

काचेचे काम दार पूर्ण जुळल्यानंतरच हाती घ्यावे. पुढच्या दारातील लहान तिकोनी खिडकीच्या चौकटीचा उभा दांडा हाच मोठ्या काचेचा पुढचा चॅनल असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो दांडा खाली किंचित सरकला तरी दोन चॅनल समांतर राहत नाहीत, आणि काच वर जाताना आवळली जाते किंवा खाली येताना तिरपी होते. म्हणून काच आधी हँडलची यंत्रणा सोडवून नुसत्या हाताने वरखाली करून पाहावी. हाताला जेथे अडते तेथेच चॅनलचा दोष आहे, आणि तो काढल्याखेरीज यंत्रणा जोडू नये. चॅनलमधले फेल्ट झिजले असेल तर नवे घालावे, त्यावर फ्रेंच चॉक चोळावा, ग्रीस कदापि लावू नये. ते धूळ धरते आणि काही महिन्यांत काचेवर ओरखडे उमटतात. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा कागद चिकटविण्यास विसरू नये, नाहीतर पोटातले पाणी पायाखालच्या गालिच्यात येते.

रबर सर्वांच्या शेवटी. बाजारात मिळणारे रबर पुष्कळदा मूळच्यापेक्षा जाड असते आणि दार बाहेर ढकलते. तेव्हा जुन्या रबराचा तुकडा बरोबर नेऊन नमुन्याबरहुकूमच खरेदी करावी, आणि नवे रबर दबून बसण्यास काही आठवडे जाऊ द्यावेत, त्या मुदतीत बिजागरीस हात लावू नये. रबरावर खडू फासून दार बंद केल्यास चौकटीवर जेथे खूण उमटत नाही तेथून पाणी शिरणार हे निश्चित समजावे.

आणखी एक व्यवहाराची बाब. पन्नास वर्षांपुढील मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, त्यांत सांगाड्याचे मूळ स्वरूप कायम असणे आवश्यक मानले आहे. दार बसत नाही म्हणून खांब किंवा चौकट कापूनच टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर या दृष्टीनेही तो नाकारावा.

ज्यांची गाडी आज गॅरेजच्या दारात उभी आहे त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, सिल कापण्यापूर्वी चौकटींचे कर्ण मोजून कागदावर लिहून घ्या व त्यावर मिस्त्रींची सही घ्या, आणि चारही दारे बसवून, काचा फिरवून, गाडी एकदा खडबडीत रस्त्यावरून नेऊन आणल्याखेरीज रंगाऱ्यास उचल देऊ नका.